ठमीचं पोट आणि रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल : परभणीतून दहा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. रॉयल कॅनिन कंपनीचं मांजरांसाठीचं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल, म्हणजे पोटाच्या तक्रारीसाठीचं, ड्राय फूड आम्ही गेल्या जूनपासून वापरायलोत, आमच्या ठमीला लागू पडलं, माझ्याकडून पाचपैकी पाच. पण पिशवी आणली, वाटीत ओतली आणि झालं असं बिलकुल नाही. घरातलं बाकीचं काय काय बंद करावं लागलं ते वाचा आणि मगच पैसे घाला, कारण पहिले दोन-तीन महिने आमचं फूड बरोबर होतं आणि बाकी सगळं चुकत होतं.

ठमी तीन वर्षांची, साधी देशी, करड्या पट्ट्यांची. दुखणं एकदम आलं नाही. आधी महिन्यातून एखाद वेळी पातळ व्हायचं, दोन दिवसात आपोआप बरी. मग पंधरा दिवसाला. मग असं झालं की धड शी शेवटची कधी झाली तेच आठवेना. वास इतका की मागचं दार सताड उघडं ठेवावं लागायचं, कधी शेंबडासारखा चिकट थर, एक-दोनदा रक्ताची बारीक रेघ, आणि आठवड्यातून दोन-तीन उलट्या. तरी खेळायची, पडद्यावर चढायची, त्यामुळं आम्ही 'बाहेर काहीतरी खाल्लं असंल' म्हणून सोडून देत राहिलो. एक दिवस उचलली तर पाठीचा कणा हाताला लागला. टोपलीत बसवून घरातल्या काट्यावर वजन केलं, टोपली वजा जाता २ किलो ६०० ग्रॅम. वर्षापूर्वी लसीच्या वेळी ३ किलो २०० भरली होती. एवढ्याशा जिवातून सहाशे ग्रॅम जाणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं दहा-अकरा किलो वजन उतरण्यासारखं आहे, हा हिशोब डोक्यात आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ती खात काय होती ते सांगते. सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या. दुपारी लेकरांच्या ताटातला दहीभात. रविवारी चिकनच्या रश्श्यातले तुकडे पाण्यातून धुऊन. संध्याकाळी बाजारातलं साधं कॅट फूड, तेही दर वेळी वेगळ्या चवीचं, कारण एकच खाऊन कंटाळली असंल म्हणून मीच बदलून आणायचे. सगळ्यांनी जीव लावूनच दिलेलं होतं. आणि त्यातलं जवळजवळ सगळं तिच्या पोटाला नको होतं.

दुधाचं आधी बोलते कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावरच झालं. मांजर म्हणलं की दूध हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आपल्या म्हणीतलं मांजरसुद्धा डोळे मिटून दूधच पितं. पण पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम बहुतेक मांजरांच्या आतड्यात कमी कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जंतू तिला आंबवतात, गॅस होतो आणि पातळ होतं. मांजर आवडीनं पितं हे खरंय, पण आवडतं ते पचतंच असं नाही. आणि भाकरी-भात हे मुळात तिचं जेवणच नाही, मांजर पक्कं मांसाहारी जनावर. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांसातूनच यावं लागतं, बरीच वर्षं कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. आणि रस्सा तर त्याहून वाईट. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवला तरी, आणि धुतलेल्या तुकड्यातही मसाला मुरलेला असतोच की. हे कळल्यावर मला घाम फुटला, दर रविवारी मीच तर देत होते.

दवाखान्यात जायच्या आधी आम्ही जे उपाय केले तेही सांगते, कारण ते सगळ्यांच्याच घरी होतात. एक, दहीभात वाढवला, माणसाला थंड पडतो म्हणून. दोन, लंघन. पोट बिघडलं की काही द्यायचं नाही, पोटाला आराम द्यायचा, हे आपल्या घराघरात चालतं, म्हणून एक पूर्ण दिवस तिला उपाशी ठेवली. मांजराच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, कृपा करून करू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमधे साठायला लागते आणि ते जिवावर बेततं, जाड मांजराला जास्तच. तीन, एका मेडिकलवाल्यानं माणसाचं जुलाबाचं सिरप अंदाजानं दिलं. इतकं कडू होतं की तोंडात गेल्याबरोबर फेस आला, ठमी कपाटामागं जाऊन बसली आणि दोन दिवस माझ्या हाताजवळ येईना. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनसुद्धा नको, मांजराला ते विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते.

शेवटी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. १९७२ पासूनचं कॉलेज, आजूबाजूच्या गावातली जनावरं तिथं येतात. लाईनीत माझ्या पुढं लाल कंधारी गाय, मागं दोन उस्मानाबादी शेळ्या आणि मधे मी, भाजीच्या जाळीच्या टोपलीला ओढणी बांधून, आतून ठमी ओरडायली. मला वाटलं इथं मांजराला कोण विचारतंय. पण डॉक्टर मॅडमनी जेवढा वेळ त्या गायीला दिला तेवढाच हिला दिला, पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या, वजन घेतलं. तीन आठवड्यांच्या वर पोट बिघडलेलं राहिलं की त्याला जुनं दुखणं म्हणायचं, मग ते आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसायचं नाही, असं स्वच्छ सांगितलं. तीन वेगवेगळ्या दिवसांची ताजी शी डबीत आणायला लावली, कारण जिआर्डियासारखे परजीवी प्रत्येक नमुन्यात सापडतीलच असं नसतं. जिआर्डिया नव्हता, गोल जंतांची अंडी निघाली. जंताचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी परत दिलं. उलट्या कमी झाल्या पण पातळ शी राहिलीच.

मग मॅडमनी एक काम दिलं, ते मला सगळ्या औषधांपेक्षा मोलाचं वाटतं. घरात कोण कोण तिला काय काय देतं ते आठवडाभर लिहून आणा म्हणाल्या. आम्ही फ्रिजला कागद लावला. आठवड्यात १४ पदार्थ झाले. चौदा! त्यात बिस्किट, शेवया आणि लेकराच्या डब्यातली पनीरची भाजी पण निघाली, याचा मला पत्ताच नव्हता. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "आता तीन आठवडे एकच फूड. त्याच्याशिवाय हिच्या तोंडात पाण्याचा घोट सोडून काही जायचं नाही. तेव्हा कुठं कळंल आपल्याला." पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असला तर साधारण दोन-तीन आठवड्यात दिसायला लागतो, कातडीच्या ॲलर्जीला मात्र आठ ते बारा आठवडे थांबावं लागतं. या फूडनं नाही झालं तर पुढची पायरी हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं फूड, म्हणजे ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्याला ओळखून बिथरत नाही, आणि त्यानंतर सोनोग्राफी वगैरे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. जोडीला बी-१२ ची इंजेक्शनं दिली, आठवड्याला एक अशी सहा, कारण जुन्या जुलाबात मांजराच्या आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही आणि ते कमी असलं की नुसतं फूड बदलून वजन चढत नाही.

आता खरेदी. परभणीत त्या वेळी मला कुठंच मिळालं नाही. नांदेडला हे कामासाठी जात असतात, रेल्वेनं तासा-दीड तासाचा रस्ता, म्हणून यांना तिकडून आणायला सांगितलं. पहिल्या वेळी दुकानदारानं कुत्र्याचं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल हातात दिलं, नाव तेच, पिशवी सारखीच दिसणारी, यांनी बघितलं नाही, घरी आल्यावर मी चित्र बघितलं तर कुत्रा. मांजराला रोज कुत्र्याचं फूड चालत नाही, प्रोटीन आणि टॉरिनचा हिशोबच वेगळा असतो. बदलून आणायला परत चार दिवस गेले. म्हणून पिशवीवर मांजराचं चित्र आणि एक्सपायरी दोन्ही दुकानातच बघा. दुसऱ्या एका दुकानात मोठी पिशवी फोडून पाव-अर्धा किलो सुट्टं विकत होते, स्वस्त वाटतं, पण पिशवी कधी फोडली कोण सांगणार, त्यातली चरबी हवेनं खवट होते आणि ज्याचं पोट आधीच नाजूक आहे त्याला तेच खाऊ घालायचं. नकोच ते. आता मी ऑनलाइन सीलबंद मागवते.

फूड कसं आहे? पिशवी उघडल्यावर वास जोरात येतो, आमच्या घरात कोंबडी चालते म्हणून आम्हाला काही नाही, पण शाकाहारी घरात तो जाणवंल. आतमधे पोल्ट्रीचं प्रोटीन, तांदूळ, चरबी, माशाचं तेल, चांगल्या जंतूंना खाद्य म्हणून प्रीबायोटिक, आणि टॉरिन घातलेलंच असतं. लवकर आणि जास्तीत जास्त पचावं असं बनवलेलं, म्हणजे आतड्यात न पचलेलं कमी उरतं आणि शीचं प्रमाणच कमी होतं, हा फरक डोळ्याला दिसतो. थोड्या खाण्यात जास्त ताकद मिळते, त्यामुळं वाटी भरून ओतायचं नाही. ठमीला दिवसाला ५० ग्रॅम, चार भागात. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "एवढुसंच? पाखराला टाकल्यागत." पण वजन चढलं की त्यावर.

बदल करताना मी एक चूक केली. मॅडमनी सात ते दहा दिवस सांगितले होते, आधी चौथा हिस्सा नवीन, दोन-तीन दिवसांनी अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. मला घाई, तिसऱ्याच दिवशी अर्ध्याच्या वर नेलं, आणि चौथ्या दिवशी इतकं पातळ झालं की मी रडायलाच लागले, वाटलं हेही गेलं. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, मागं या, परत चौथ्या हिश्श्यापासून सुरू करा. केलं. एक वही घातली, रोज तारीख, किती खाल्लं, किती वेळा शी, कशी. शीला १ ते ७ नंबर द्यायची एक पद्धत असते, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी, २-३ म्हणजे उत्तम. आमची वही ६, ६, ७, ६ अशी सुरू झाली. पूर्ण नवीन फूडवर आल्यावर नवव्या दिवशी पहिल्यांदा ३ लिहिला. यांना ऑफिसात फोन करून सांगितलं. मांजर पाळणाऱ्यालाच कळंल त्यात काय आनंद असतो ते.

मग पाचव्या आठवड्यात परत ५, परत ६. मला काही कळंना. फूड तेच, पिशवी तीच, वेळ तीच. तीन दिवस डोकं फोडून घेतलं, आणि एका पहाटे लवकर उठले तर मागच्या ओसरीत, धुण्याच्या दगडाजवळ, आत्याबाई बशीतलं दूध ठमीपुढं सरकवायल्या. मला बघून दचकल्या. म्हणाल्या, "अगं, पायात येऊन ओरडायलंय लेकरू. सुकं खाऊन घसा कोरडा पडत असंल की. दोन घोटानं काय होतंय?" मी आवाज चढवला नाही, चढवला असता तर चोरून देणं वाढलं असतं. वही आणली, त्यांच्याजवळ बसले आणि मागच्या पाच दिवसांचे आकडे वाचून दाखवले. विचारलं, आत्याबाई, दूध कधीपासून द्यायलात? म्हणाल्या, "सोमवारपासून." वहीत पहिला ५ मंगळवारी होता. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग बशी धुऊन ठेवली आणि म्हणाल्या, "मग हिला घोटभर पाणी तरी कोमट करून देत जाऊ का?" तेव्हापासून दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी घालायचं काम त्यांचं. आणि खरं सांगते, त्याचा फायदाच झाला, ड्राय फूडमधे पाणी फार थोडं असतं आणि मांजर मुळातच कमी पाणी पितं. भिजवलेलं मात्र अर्ध्या-पाऊण तासात संपलं नाही तर उचलायचं, आपल्याकडच्या उन्हात तेवढ्यात आंबतं.

पाण्याचं निघालंच तर, आमच्याकडं नळ रोज येत नाही, साठवलेलंच पाणी सगळ्यांना. ठमी तर बाथरूमच्या बादलीत तोंड घालायची. आता तिच्यासाठी उकळून गार केलेलं, मातीच्या पसरट भांड्यात, सकाळ-संध्याकाळ बदलून, आणि बादलीवर झाकण. परजीवी पाण्यातूनही येतात म्हणून मॅडमनी हे मुद्दाम सांगितलं होतं.

तिसरा झटका महालक्ष्म्यांना. घरात तीन दिवस पाहुणे, ताटंच्या ताटं, ठमीला वरच्या खोलीत ठेवली होती, पण एका पाहुण्याच्या लेकरानं दार उघडलं आणि पुरणपोळीचा दुधात भिजवलेला तुकडा चारला. त्याची काय चूक, लेकरू ते. दुसऱ्या दिवशी ७. चार दिवसांत जाग्यावर आली, औषध लागलं नाही. आधी हेच पंधरा दिवस चाललं असतं. आतडं सुधारलं की एखादी चूक सोसतं, एवढं मला त्यातून कळलं.

पिशवी साठवायचं. स्टीलच्या डब्यात दाणे ओतू नका, मूळ पिशवीच तोंड घडी घालून क्लिप लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लॉट नंबर आणि तारीखही जवळ राहते. डबा गॅसच्या ओट्यावर किंवा पत्र्याखाली नको. सध्या इथं पारा ४१-४२ ला टेकायलाय, मी डबा देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय, घरातली सगळ्यात गार जागा. मोठी पिशवी स्वस्त पडते पण एक मांजर असंल तर उन्हाळ्यात छोटीच आणा.

खर्च. आकडा टाकत नाही कारण भाव बदलत राहतो, पण बाजारातल्या साध्या कॅट फूडच्या दुप्पट-तिप्पट धरून चला. ५० ग्रॅमनं महिन्याला दीड किलो लागतं. आमच्यासारख्या एका पगाराच्या घरात ते जाणवतं. पण आधी दर महिन्याला जे वेगवेगळ्या चवीचे पुडे, रविवारचे तुकडे आणि औषधं यात जात होतं ते बंद झालं, वहीत मांडून बघितलं तर फरक वाटला होता तेवढा नाही. घरी चिकन उकडून का देत नाही असं खूप जण विचारतात. तीन-चार दिवस पोट सावरायला नुसतं उकडलेलं, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं चिकन चालतं, मॅडमनीच एकदा सांगितलं होतं. पण महिनोन् महिने तेच दिलं तर कॅल्शियम नाही, जीवनसत्त्वं अपुरी, उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं. घरचंच द्यायचं असंल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून प्रमाण लिहून घ्या.

ज्यांच्या मांजराला उलट बद्धकोष्ठ आहे त्यांनी माझं वाचून हेच आणू नका, तिथं तंतूमय खाण्याचा विचार वेगळा असतो. शेजारच्या काकूंच्या मांजराला डॉक्टरनं उकडलेलं काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, चमचाभर सांगितलं आणि त्याला ते छान लागू पडलं. मूत्रपिंडाचा आजार असंल, किंवा मांजर दहा वर्षांच्या पुढचं असून खाऊनही वाळत असंल, तर फूडच्या आधी रक्ततपासणी, कारण म्हातारपणी थायरॉइड वाढूनही असंच होतं. आणि शीत रक्त जास्त, काळी डांबरासारखी शी, दिवसभर काहीच न खाणं, सारख्या उलट्या, यातलं काहीही दिसलं तर हे रिव्ह्यू वाचत बसू नका, टोपलीत घाला आणि निघा.

गेल्या रविवारी ठमीचं वजन ३ किलो ४०० भरलं. काटा आत्याबाईंनी लावला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहिला. बुधवारी नवीन पिशवी यायलीय.